आमच्या घरची गोलकी

आमच्या घराकडे पाटीलकी नव्हती, देशमुखी नव्हती. आमच्याकडे गोलकी होती.

गोलकी म्हणजे काय ते सांगतो. इंग्रजांच्या काळात वडशाच्या स्टेशनावर एक बंगाली स्टेशनमास्तर होता. त्याच्याजवळ एक फुटबॉल होता आणि दिवसभरात मोजून दोन गाड्या. उरलेल्या वेळाचं करायचं काय, म्हणून त्यानं धान कापून झालेल्या बांधीत गावातली अकरा माणसं उभी केली. माझे बाबा स्टेशनात हमाल होते. पेट्या झेलायची सवय आहे म्हणून त्यांना गोलकीपर करून गोलात उभं केलं. पुढं स्टेशनमास्तर बदलून गेला. फुटबॉल राहिला, अकरा माणसं राहिली, आणि ज्याची जी जागा ती त्याच्या घरात राहिली. आमच्या झाडीपट्टीत दंडारीच्या नाटकातलं रामाचं काम एकदा ज्या घरात गेलं ते त्याच घरात राहतं, तसाच हा कारभार. डावी बाजू पांडू न्हाव्याच्या घरची. मधली जागा दूधवाल्या महादूच्या घरची. बाप थकला की पोरगा उभा राहायचा. त्याला खेळता येतं का, असं कोणी विचारत नसे. (कोणाच्या घरी जाऊन असं विचारणं बरं दिसतं का, तुम्हीच सांगा.)

बाबांच्या मागं गोलात वामनभाऊ आला. हा माझा थोरला भाऊ. धानाच्या गिरणीत कामाला, बोलायला कमी, आणि चाळिशीला टेकलेला. मी धाकटा, दामू. मला चष्मा, त्यामुळे मला जागा नाही. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि उरलेला सगळा वेळ फुटबॉलचा शौकीन होतो. सामना असला की मी गोलाच्या मागं उकिडवा बसायचो आणि भाऊला मागून ओरडून सांगायचो, डावीकडे जा, उजवीकडे जा, पुढं हो. गावात सगळे म्हणत, फुटबॉल कळते तं दामू मास्तरलेच. मीही नाही म्हणत नसे.

तर एवढं सगळं शास्त्रशुद्ध चाललेलं असताना आरमोरीवाल्यांनी आम्हाला लागोपाठ पाच वर्षं हरवलं. ते बैलगाड्या भरभरून यायचे, आमच्याच बांधीत आम्हाला तुडवायचे, आमच्याच घरी जेवायचे आणि हसत जायचे. पाचव्या वर्षी त्यांनी सात गोल मारले. सातव्यानंतर त्यांच्या दोघा-तिघांनी खेळणं सोडून बांधावर बसून चिवडा खायला घेतला, तरी आमच्याच्यानं काही झालं नाही. त्या दिवशी गावात कोणाच्या घरी नीट चूल पेटली नसेल.

त्याच साली गावात एक सुभेदार राहायला आले. घाटावरचे गृहस्थ. पलटणीतून पेन्शन घेऊन बहिणीकडे आलेले. पलटणीत त्यांनी पोरांना फुटबॉल शिकवला होता म्हणे. झालं! गावानं हात जोडून संघ त्यांच्या ताब्यात दिला. सुभेदार आमच्या अकरांना जिंकायला शिकवतील, असं सगळ्यांनी धरलं होतं. अकरांचंच काही होईल हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि सुभेदारांच्या डोक्यात ते घालणारा महाशहाणा मीच निघालो.

एके दिवशी सुभेदार शाळेत आले. म्हणाले, तुम्ही दरवर्षी सगळे सामने बघता, कोण कसा खेळतो ते मला लिहून द्या. आता एवढ्या मोठ्या पलटणीच्या माणसानं आपल्याला विचारावं! माझी छाती फुगली. हजेरीपटातला एक कोरा कागद फाडला, पट्टीनं रेघा मारल्या, अनुक्रम, नाव आणि शेरा असे रकाने पाडले, आणि मुलांच्या प्रगतिपुस्तकावर लिहितो तसं वळणदार अक्षरात लिहून काढलं. पांडू न्हावी: चेंडू आला की डोळे मिटतो. महादू: पोट आधी पोचतं, पाय मागून. करीमभाई शिंपी: खेळताना ओळखीचं माणूस दिसलं की रामराम करायला थांबतो. असे दहा जण. एकेक शेरा लिहिताना मला असा आनंद होत होता की काय सांगू. अकराव्या ओळीत अनुक्रम टाकला आणि जागा कोरी सोडली.

सुभेदारांनी कागद वाचला. "आणि गोलकीपर?"

"तिथं काही दोष नाही साहेब," मी म्हणालो.

सात गोल खाल्लेल्या माणसात काही दोष नाही! सुभेदारांनी माझ्याकडे जरा बघितलं, घडी घातली आणि कागद खिशात टाकला. माझा हिशेब असा की ते एकदोघांना काढतील, महादूला तर नक्कीच, आणि बाकीच्यांना दम भरतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉटेलासमोरच्या कडुनिंबाखाली पांडूपुढं दाढीला बसलो होतो. उजवा गाल झाला होता. तेवढ्यात हॉटेलाच्या भिंतीशी माणसं जमली. काय लावलंय ते बघायला पांडू वस्तरा हातात घेऊन तसाच गेला. तिथं माझाच कागद होता. सुभेदारांनी नक्कलसुद्धा केली नव्हती, जसाच्या तसा खळीनं चिकटवला होता. वर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'खालील खेळाडूंना विश्रांती देण्यात येत आहे.' आणि अकराव्या कोऱ्या जागेत त्याच लाल पेन्सिलीनं, वामन. शेरा: मागे बघतो.

खाली कोणाची सही नव्हती. पण सहीची गरज काय? गावातल्या घराघरात एक पाटी, आणि पाटीवर माझा कित्ता. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही अक्षर ओळखलं.

पांडू परत आला. त्यानं शांतपणे वस्तरा पुसला, वाटी पालथी केली, चटई गुंडाळली.

"मास्तर, मी डोळे मिटतो ना?" तो म्हणाला. "मंग डाव्या गालाले उघड्या डोळ्याचा न्हावी पाहा."

उघड्या डोळ्याचा न्हावी आरमोरीशिवाय नव्हता. त्या दिवशी मी अर्ध्या दाढीनं शाळेत गेलो. पुढचे काही दिवस माझ्या चेहऱ्याच्या दोन बाजूंची वयं वेगळी होती. घरी येऊन भाऊचा वस्तरा घ्यायची हिंमत होत नव्हती, कारण भाऊ बोलत नव्हता. आणि गावात अकरा घरांच्या अकरा जागा आहेत म्हणजे अकरा धंदे आहेत, हे मला तेव्हा कळलं. महादूच्या दुधात म्हैस शोधावी लागायची. करीमभाईंनी माझा शिवायला टाकलेला सदरा तसाच कापलेला परत पाठवला, बाह्या वेगळ्या, गळा वेगळा. वर अतिशय अदबीनं निरोप, की ओळखीची माणसं भेटून राह्यली, वेळ नाई झाला. घाण्यावर गेलो तर तेल संपलेलं, मागचा माणूस आला की तेल आलेलं. शाळेत पोरं शेरे पाठ म्हणायची, अगदी चालीवर. दोष माझाच. पाठांतर मीच शिकवलं होतं.

हे सगळं मी सोसलं असतं. घरचं सोसवेना. वामनभाऊ सकाळी गिरणीत जायचा, संध्याकाळी यायचा, माझ्यासमोर जेवायला बसायचा आणि मी तिथं नाहीच असा जेवायचा. वहिनी वाढताना एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, दहा घरं झाली, म्हणून आता आपलं घेतलं का?" मी सांगितलं की अकरावं नाव माझं नाही, अक्षर बघा, लाल पेन्सिल बघा. त्या म्हणाल्या, कागद तं तुमचाच.

आणि बाबांना हे कोणी सांगायचं? बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हातभर अंतरापलीकडे त्यांना सगळं धुरकट दिसायचं. दिवसभर ओसरीवर बाजेवर बसून असायचे. त्यांना उरलेला आधार म्हणजे आपल्या जागी आपला पोरगा उभा आहे हा, असं आम्ही सगळे समजत होतो. ते रोज विचारायचे, "वामन, सराव चालू हाये ना?" भाऊ म्हणायचा, "हाव बाबा." आणि बूट काखेत मारून निघायचा. एक दिवस मी लांबून मागं मागं गेलो. तो वैनगंगेच्या काठावर गेला, बूट बाजूला ठेवले, पाण्याकडे बघत बसला, दोन्ही हातांनी गुडघे चोळत राहिला. दिवस मावळायला आला तसा उठला, बुटांना थोडी माती लावली आणि घरी आला. मी तो दिवस कसा काढला, मलाच माहीत. मी आयुष्यात खूप मूर्खपणा केला आहे, पण एवढं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मी सुभेदारांच्या घरी गेलो. हात जोडले. म्हटलं, बाकीच्या दहांचं तुम्ही काय करायचं ते करा, माझ्या भावाला परत घ्या.

सुभेदार म्हणाले, "तुमचा भाऊ वाईट नाही मास्तर. पण चेंडू येतो तेव्हा तो चेंडूकडे बघत नाही. मागं वळून तुमच्याकडे बघतो, आणि तुम्ही सांगता तिकडे जातो. मी लोकांना विचारलं. सातपैकी चार वेळा तुम्ही उलटं सांगितलंत."

मी म्हटलं, मग मी मागं बसत नाही.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "वडशाच्या संघात काढण्यासारखा पहिला माणूस मला तुम्हीच दिसलात. पण तुम्ही संघातच नाही, त्याला मी काय करू?"

त्यांनी उभा केलेला नवा संघ मी बघितला आणि आणखीच खचलो. रेल्वेच्या गँगमधले तिघे, गिरणीतले चौघे, बाजारात बांगड्या विकणारा एक, असे कुठून कुठून वेचलेले. एकाच्याही बापानं कधी फुटबॉल खेळला नव्हता! आणि गोलात लालसू. हा एटापल्लीकडच्या जंगलातला गोंड गडी. लाकडाच्या ट्रकवर ओंडके चढवायला यायचा आणि स्टेशनाजवळ राहायचा. उंच, सडपातळ, मराठी मोजकंच. सुभेदारांनी त्याला सांगितलं होतं की चेंडू आत जाऊ द्यायचा नाही. त्यानं विचारलं होतं, बाकी काही? सुभेदार म्हणाले, बाकी काही नाही. एवढ्यावर त्याचं शिक्षण संपलं होतं.

सामन्याचा दिवस आला. आता बाबांना नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, एवढ्या वर्षांत त्यांचा एकही सामना चुकला नव्हता. तेव्हा मी एक तोड काढली. (माझ्या डोक्यातून तोड निघाली की घरच्यांनी गाव सोडावं, पण हे त्यांना अजून कळलं नव्हतं.) बाबांची बाज गोलाच्या बाजूला टाकायची. त्यांना काही दिसत नाही. मी शेजारी बसून काय चाललंय ते सांगायचं आणि लालसूचं नाव येईल तिथं भाऊचं नाव घ्यायचं. भाऊनं बाजेच्या मागं तीन पावलांवर गुपचूप उभं राहायचं आणि सामना संपला की पुढं येऊन बाबांच्या पाया पडायचं. हे मी वहिनींना सांगितलं, वहिनींनी भाऊला सांगितलं. भाऊ आला.

मैदानावर पाहतो तर एखाद्या मयतीला जमावं तसं गाव जमलेलं. काढलेले दहा जण आपापल्या घरच्यांसह बांधावर रांगेनं बसले होते, तोंडं पाडून. वडशानं हरावं अशी आज सगळ्या वडशाची इच्छा होती. आणि खोटं कशाला बोलू, माझीही होती. नवे हरले की जुने परत, जुने परत आले की भाऊ परत! मी मनातल्या मनात माणिकदेवीला नारळ बोललो होतो, आरमोरीसाठी. जन्मभराच्या शौकिनावर ही पाळी आली.

पहिला गोल आरमोरीचा झाला. आमच्या बांधावर समाधानाची एक कुजबुज फिरली. बाबांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं, गोल गेला बाबा, भाऊच्या हाताला लागून गेला.

मग लालसूला खेळ समजला असावा. आरमोरीच्या पुढच्या गड्यानं दहा पावलांवरून मारलेला चेंडू त्यानं आडवं होऊन हवेतच धरला आणि धपकन खाली पडला. मी बाबांना सांगितलं, भाऊनं अडवला. दुसरा त्यानं पायानं काढला, तिसरा पार खांबाशी जाऊन. मी सांगत होतो, भाऊनं उडी मारली, भाऊनं झेलला, भाऊ पडला, भाऊ उठला. आणि भाऊ माझ्या पाठीमागं तीन पावलांवर उभा राहून, कोरड्या कपड्यांत, हे सगळं ऐकत होता. तरी मी सांगतच होतो.

बांधावर पहिला फुटला पांडू. चौथा चेंडू अडला तसा तो उठून ओरडला, "वा रे लालसू!" मग महादू उठला. मग करीमभाईंनी टोपी उडवली. आमच्या बांगडीवाल्यानं एक गोल मारला, गँगवाल्यानं दुसरा, आणि सारं गाव बांधावर नाचायला लागलं. पाच वर्षांनी वडसा जिंकलं. सगळ्या वडशात त्या घडीला दुःखी मनुष्य मी एकटा असेन, आणि हसण्याचं सोंग करता करता माझे जबडे दुखायला लागले.

"वामनले बोलव," बाबा म्हणाले.

भाऊ मागून पुढं आला आणि बाजेपाशी बसला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात खांद्यावर आला, पाठीवरून फिरला, मग गुडघ्यावर थांबला.

"माती नाई लागली," ते म्हणाले.

"झटकली बाबा," मी घाईनं म्हणालो.

"दाम्या, तू चूप." बाबांचा आवाज चढला नव्हता. "वामन, दोन वर्षं झाले तू उडी नाई मारली. मले दिसत नाई, पन माणूस पडला का आईकू येते. आज गोलात माणूस पडून राह्यला होता. कोन होता तो?"

भाऊ म्हणाला, "लालसू हाये. एटापल्लीकडचा."

"चांगला हाये."

"हाव. माह्यापेक्षा चांगला हाये."

"मंग इतके दिवस तू सोडलं काऊन नाई?" बाबा म्हणाले. "मी रोज वाट पाहून राह्यलो होतो, का आज म्हनशील, बाबा, गुडघे दुखते, मी थांबतो. म्हनून तं रोज विचारत होतो."

"तुमची जागा होती बाबा. मी कसा सोडू?"

"माही कायची जागा? मले तं चेंडूचं भेव लागे. तुले आवडते म्हनून मी काई बोललो नाई."

भाऊ खाली बघत राहिला. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, बघतो तर हसत होता. पण डोळे भरलेले होते. मग तो माझ्याकडे वळला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"दाम्या, गुडघा वाकत नाई म्हनून मी आधीच तुले विचारत होतो, कुठी जाऊ. तुले दिसत होतं सारं. दहा जनांचं खरं लिवलं तू. माह्यं नाव काऊन नाई लिवलं?"

"मले वाटलं तुले वाईट वाटन," मी म्हणालो.

"वाटलंच असतं," भाऊ म्हणाला. "पन घरी वाटलं असतं. हॉटेलाच्या भिंतीवर नाई."

एवढं बोलून तो उठला आणि लालसूला बाबांकडे घेऊन यायला गेला. मी बाजेच्या कडेला बसून राहिलो. बाबा भाऊसाठी गप्प होते, भाऊ बाबांसाठी उभा होता, आणि मी दोघांसाठी मागून ओरडत होतो. आरमोरीवाल्यांना पाच वर्षं उगीच वाटत होतं की गोल ते मारतात. ते आम्ही तिघं घरातल्या घरात एकमेकांना मारत होतो, आणि अख्ख्या वडशात फुटबॉल कळणारा एकच माणूस म्हणून नाव होतं ते माझं.